निवाडा वेगळा, मक्ता वेगळा

एखाद्या धंद्याचे नियम त्या धंद्यातल्या जाणत्यांनीच करावेत, सरकारने त्यात नाक खुपसू नये, हे म्हणणं आपल्या कानावर सतत येतं. ज्या क्षेत्राची संघटना बळकट, तिथून ते जास्त जोरात येतं. त्यात तथ्य आहेच. धंद्यातल्या खाचाखोचा सरकारी कारकुनाला कळत नाहीत आणि भांडण कोर्टात गेलं की निकाल लागेपर्यंत भांडणारे म्हातारे होतात. पण संघटनेच्या हाती नेमकं काय द्यायचं, हे विचारण्याआधीच आपण मान डोलावतो. सभासदांमधले तंटे मिटवणं हे एक काम. धंद्यात कोणाला पाऊल टाकू द्यायचं, माल किती आणायचा, भाव काय लावायचा हे ठरवणं, हे दुसरं. पहिलं काम अशा संघटनेला जरूर द्यावं. दुसरं कधीही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. स्पॅनिश साम्राज्याच्या अमेरिकेतल्या व्यापाराचा इतिहास वाचताना ते पक्कं होत गेलं. तिथे जवळपास तीन शतकं ही दोन्ही कामं एकाच संस्थेच्या हाती होती, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे लख्ख दिसतं.

या संस्थेचं नाव कोन्सुलादो. राजाच्या सनदेने चालणारा घाऊक व्यापाऱ्यांचा संघ. स्पेनमध्ये बुर्गोसच्या लोकर-व्यापाऱ्यांना १४९४ मध्ये अशी सनद मिळाली, बिल्बाओला १५११ मध्ये. कोलंबसाच्या सफरीनंतर अमेरिकेचा व्यापार सेव्हिल या एका शहरातून चालवायचा असं राजाने ठरवलं आणि १५०३ मध्ये तिथे 'कासा दे कॉन्त्रातासियोन' ही सरकारी कचेरी उघडली. चाळीस वर्षांनी, १५४३ मध्ये, सेव्हिलच्या व्यापाऱ्यांचा कोन्सुलादो उभा राहिला. पुढे मेक्सिको शहराला १५९२ मध्ये परवानगी मिळाली, आणि लिमाचा संघ १६१३ पासून प्रत्यक्ष काम करू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सबंध स्पॅनिश अमेरिकेत एवढे दोनच कोन्सुलादो होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

संघाचे सभासद आपल्यातून एक प्रायर आणि दोन कॉन्सुल निवडत, आणि हेच तिघे न्यायाधीश. पेढी बुडाली, भागीदारांत बिनसलं, गलबत फुटलं आणि विम्याचा वाद निघाला, की प्रकरण त्यांच्यापुढे जाई. वकिलांच्या लांबलचक कैफियतींना तिथे मज्जाव होता. दोन्ही बाजूंचं तोंडी ऐकायचं, वह्या बघायच्या, सत्य काय आणि सचोटी कुठे आहे ते पाहून निकाल द्यायचा. ज्या काळी सेव्हिलहून लिमाला पाठवलेल्या मालाचे पैसे परत यायला दोन-दोन वर्षं लागत, त्या काळी ही सोय केवढी मोलाची असेल याची कल्पना करता येते. निवाडा देणारा स्वतः त्याच समुद्रावर पैसा लावून बसलेला असे, त्यामुळे लबाडी त्याच्या नजरेतून सहसा सुटत नसे. व्यापाऱ्यांच्या संघाचं हे काम मी मनापासून चांगलं मानतो.

पण सेव्हिलच्या संघाकडे तेवढंच काम नव्हतं. अमेरिकेशी व्यापार करायचा तर या संघाच्या दारातूनच जावं लागे. परदेशी माणसाला बंदी. किरकोळ दुकानदाराला आणि कारागिराला सभासदत्व नाही. संघ आणि कासा पुढे १७१७ मध्ये कादिझ या बंदराला हलले, तेव्हा स्पेनमध्येच जन्मलेल्या पण बाप परदेशी असलेल्या व्यापाऱ्यांनाही बाहेर ठेवण्यासाठी संघाने वर्षानुवर्षं भांडण काढलं. १७३५ मध्ये तर अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी थेट स्पेनला पैसे धाडून आपला माल आपण मागवू नये, असा हुकूम निघाला. म्हणजे मेक्सिकोतला व्यापारीही राजाचाच प्रजाजन, पण कादिझच्या दलालाला टाळून कापडाचा एक गठ्ठा विकत घ्यायची त्याला मोकळीक नव्हती.

माल जायचा कसा, हे पाहिलं की हे दार किती अरुंद होतं ते कळतं. १५६० च्या दशकापासून जहाजांचे ताफे ठरले. एक ताफा मेक्सिकोसाठी वेराक्रूझला, दुसरा दक्षिण अमेरिकेसाठी पनामाच्या संयोगभूमीवर. आधी नोम्ब्रे दे दिओसला आणि १५९७ नंतर पोर्तोबेलोला. पोटोसी (आजच्या बोलिव्हियातलं खाणींचं शहर) इथली चांदी पेरूहून समुद्रमार्गे पनामाला यायची, तिथून खेचरांवर लादून जंगल ओलांडायची. सोबत लिमाचे व्यापारी. मग पोर्तोबेलोच्या दलदलीत, तापाच्या साथीत, जत्रा भरे.

थॉमस गेज नावाचा एक इंग्रज डॉमिनिकन धर्मोपदेशक १६३७ मध्ये या जत्रेत होता. एका दिवसात त्याने चांदीच्या लगडी लादलेली २०० खेचरं मोजली. ती भर बाजारात उतरवली गेली, आणि चांदी रस्त्यात दगडांच्या ढिगांसारखी पडून होती, असं त्याने लिहून ठेवलं आहे. एरवी वर्षभर ओस पडलेलं हे गाव, इथली हवा अशी की आलेले कित्येक जण परत जात नसत. तरीही एका खंडाचा आयात-निर्यात व्यापार इथेच व्हायला हवा होता, कारण पहाऱ्याच्या आणि संघांच्या सोयीचं ठिकाण ते होतं.

शंभर वर्षांनी, १७३५ मध्ये, अंतोनियो दे उल्लोआ आणि होर्खे हुआन हे दोन स्पॅनिश आरमारी अधिकारी तिथून गेले. जत्रेत भाव कसा ठरे ते त्यांनी सांगितलं आहे. ताफ्याच्या मुख्य जहाजावर दोन्हीकडचे प्रतिनिधी बसत, इकडे सेव्हिल-कादिझचे आणि तिकडे लिमाचे. ताफ्याचा सेनापती आणि पनामाचा राज्यपाल साक्षीला. तीन-चार बैठकांत प्रत्येक मालाचा भाव ठरे, करारावर सह्या होत आणि तो जाहीर केला जाई. मगच बाजार उघडे. या बैठकीत कोण बसलेलं नव्हतं ते पाहा. तो माल अखेर अंगावर घालणारा कितोचा किंवा कुस्कोचा माणूस तिथे नव्हता. पोटोसीच्या खाणीत ती चांदी खणणारा तर नव्हताच. त्याला पावणेसोळा हजार फुटांच्या आसपासच्या डोंगराच्या पोटात सक्तीच्या पाळीवर उतरवलेलं होतं. दोन संघांनी आपसात भाव ठरवला, सरकारी अधिकाऱ्यांनी त्यावर शिक्का मारला आणि त्यालाच व्यवस्थित व्यापार म्हटलं गेलं.

भाव चढा राहावा म्हणून माल कमी यायला हवा, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. ताफे दरवर्षी निघायचे असं कागदावर होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तोबेलोची जत्रा कित्येक वर्षांच्या अंतराने भरू लागली. लढाया आणि जहाजांची टंचाई ही कारणं खरी होती, पण वखारीतला जुना माल खपेपर्यंत नवा ताफा नको, ही विनवणीही संघांकडूनच होई. लिमाचे व्यापारी पनामाला उतरायला मुद्दाम उशीर करत. टंचाई हा त्यांच्यासाठी अपघात नव्हता, नफ्याचा पाया होता.

याचा सगळ्यात कडू अनुभव ब्वेनोस आइरेसला, म्हणजे आजच्या अर्जेंटिनाच्या राजधानीला आला. हे शहर १५८० मध्ये दुसऱ्यांदा वसवलं गेलं, अटलांटिकच्या काठी, रुंद नदीच्या मुखावर. युरोपातून येणाऱ्या जहाजाला इथे माल उतरवणं किती सोपं! पण इथून माल आत गेला तर पोटोसीची चांदीही इथून बाहेर पडेल, आणि मग पोर्तोबेलोला कोण जाईल? म्हणून १५९४ मध्ये बंदर बंद करण्याचा हुकूम निघाला. पुढे मोजक्या जहाजांना पीठ, सुकं मांस, चरबी असला माल नेण्याचे मर्यादित परवाने मिळत. १६२० च्या दशकात कोर्दोबाला, म्हणजे देशाच्या आत, एक जकातनाका बसवला गेला. किनाऱ्याकडून आत जाणाऱ्या मालावर ५० टक्के कर! कायदेशीर वाटेने ब्वेनोस आइरेसच्या माणसाला सदऱ्याचं कापड हवं असेल तर ते सेव्हिलहून पोर्तोबेलोला, तिथून खेचरांवर पनामाला, पुन्हा जहाजाने लिमाच्या काय्याओ बंदरात, मग अँडीज पर्वत ओलांडून, हजारो किलोमीटर फिरून यायचं. समुद्र त्याच्या दारात होता.

अशा शहरातले लोक चोरटा व्यापार करणार नाहीत तर काय करणार? वादळात सापडल्याचा बहाणा करून जहाजं बंदरात शिरत. राज्यपाल, पाद्री, पंच, सगळे त्यात सामील. १६८० मध्ये पोर्तुगीजांनी नदीच्या पैलतीरावर कोलोनिया दो साक्रामेंतो ही वसाहतच थाटली आणि चोरट्या व्यापाराला हक्काची वखार मिळाली. कायदा मोडल्याशिवाय जगता येत नाही अशी परिस्थिती ज्याने निर्माण केली, त्याने पुढे लोकांत कायद्याचा आदर नाही म्हणून तक्रार करावी, हे मला मुळीच पटत नाही.

मनिलाची कथा थोडी वेगळी, पण कळ तीच. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फिलिपाइन्सचं मनिला आणि मेक्सिकोचं अकापुल्को यांच्यात गॅलियन जहाजं जाऊ-येऊ लागली. चीनचं रेशीम आणि आपल्याकडचं, बंगाल आणि कोरोमंडलचं, सुती कापड मेक्सिकोला पोचू लागलं. ते स्वस्त होतं आणि चांगलं होतं, म्हणून सेव्हिलला खुपलं. १५९३ मध्ये मर्यादा आली: मनिलाहून वर्षाला अडीच लाख पेसोंचाच (पेसो म्हणजे स्पॅनिश चांदीचं नाणं) माल, आणि बदल्यात पाच लाख पेसोंचीच चांदी. पेरूत चिनी माल विकायला मनाई झाली, आणि १६३० च्या दशकात मेक्सिको आणि पेरू या एकाच राजाच्या दोन मुलखांमधला व्यापारच बंद करण्यात आला. मर्यादा अर्थातच पाळली गेली नाही. चांदी पूर्वेकडे वाहतच राहिली, इकडून मनिलामार्गे आणि तिकडून युरोप व तांबड्या समुद्रामार्गे. सुरतेच्या टांकसाळीत जे मोगली रुपये पडत, त्यांतली बरीचशी चांदी मूळची अमेरिकेची होती. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर छापा घातला, त्या सुरतेच्या वैभवाचा एक धागा असा पोटोसीच्या डोंगरापर्यंत जातो.

राजाने हे का चालू दिलं? राजा भोळा होता किंवा व्यापाऱ्यांनी त्याला फसवलं, असं मला वाटत नाही. राजा या व्यवहारातला भागीदार होता. स्पेनच्या राजाने १५५७, १५७५, १५९६, १६०७, १६२७ आणि १६४७ मध्ये कर्जफेड थांबवली. युद्धं संपत नव्हती, तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी हाक मारली की रोख रक्कम मोजणारा एकच गट जवळ होता. कोन्सुलादो कर्ज देई, नजराणे देई, ताफ्याच्या पहाऱ्याचा कर गोळा करायचा मक्ता घेई, सभासदांनी केलेली चोरटी वाहतूक सापडली की सगळ्यांच्या वतीने एकरकमी दंड भरून प्रकरण मिटवी. मेक्सिकोत तर शहराचा विक्रीकर वसूल करण्याचा मक्ता सतराव्या शतकाच्या मध्यापासून १७५३ पर्यंत बहुतेक काळ तिथल्या कोन्सुलादोकडेच होता. जो कर भरतो तोच कर गोळा करतो, आणि शेजाऱ्याच्या मालावर किती कर लावायचा हेही तोच बघतो! एवढं झाल्यावर राजाला नाही म्हणण्याची ताकद उरत नाही. कधी कधी राजा खाजगी व्यापाऱ्यांची चांदी बंदरात जप्त करून बदल्यात कर्जरोखे टेकवी. त्याबद्दल व्यापारी हळहळत, आणि मक्त्याची मुदत वाढवून घेत.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. सरकार रोख पैशासाठी एका संघटनेवर अवलंबून राहिलं की तिचं नियंत्रण करण्याची जबाबदारी ते पार पाडूच शकत नाही. मग अधिकारी प्रामाणिक असो की लाचखाऊ, फारसा फरक पडत नाही.

या मक्त्याने निदान स्पेनचं तरी भलं झालं का? सतराव्या शतकाच्या अखेरीस ताफ्यातून जाणारा बहुतांश माल फ्रेंच, डच, इंग्रज आणि जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांचा असे. सेव्हिल-कादिझचे सभासद त्यांना आपलं नाव वापरायला देत आणि दलाली घेत. परत आलेली चांदी जकातीत न नोंदवता परदेशी जहाजांवर पोचवणारे 'मेतेदोर' कादिझमध्ये उघड ओळखले जात. रात्री शहराच्या तटावरून लगडी खाली सोडायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांत घरंदाज कुटुंबातली तरुण मुलंही असत. देशी उद्योग वाढावा म्हणून हा मक्ता होता असं कोणी म्हणत असेल, तर त्याने हा तट डोळ्यापुढे आणावा.

यावर काही इतिहासकार म्हणतात की मक्ता इतका पोकळ असेल तर त्याने फार नुकसानही झालं नसेल. व्यवहारात सगळं वाटाघाटीने चालत होतं, साम्राज्य सैलच होतं. हे म्हणणं वरच्या मजल्यापुरतं खरं आहे. तळाशी गेलं की चित्र बदलतं. मेक्सिको शहरातले आणि लिमातले बडे व्यापारी जिल्ह्याच्या अंमलदाराला भांडवल पुरवत. अंमलदाराने पद मिळवण्यासाठी पैसे मोजलेले, पगार तुटपुंजा. तो त्या भांडवलावर गावकऱ्यांना उचल देई आणि बदल्यात कोचिनील (किड्यांपासून काढलेला लाल रंग), कापड असा माल ठरलेल्या दरात घेई. नाहीतर खेचरं आणि कापड त्यांच्या गळ्यात मारून नंतर वसुली करी. न्यायाधीश तोच आणि सावकारही तोच. दाढी न येणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांना वस्तरे विकले जात, असं उल्लोआ आणि हुआन यांनी आपल्या गोपनीय अहवालात नोंदवलं आहे. १६६० मध्ये मेक्सिकोतल्या तेवान्तेपेकच्या लोकांनी कापडाच्या अशाच सक्तीला कंटाळून हुआन दे आवेल्यान या अंमलदाराला ठार केलं. १७८० च्या नोव्हेंबरात पेरूत तुपाक आमारू या स्थानिक सरदाराने अंतोनियो दे आर्रियागा या अंमलदाराला तुंगासुका गावाच्या भर चौकात फाशी दिलं, आणि अँडीजमध्ये जो वणवा पेटला त्यात हजारोंनी माणसं मेली. ही सक्तीची विक्री बंद झाली ती त्या वणव्यानंतर. लिमाच्या संघाच्या वहीत या व्यवहाराची नोंद साधी भांडवलपुरवठा म्हणून असणार. त्या वहीपासून तुंगासुकाच्या चौकातल्या फासापर्यंतची साखळी सलग आहे.

आता विश्वासाचा मुद्दा. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तर भरवसा लागतो, तो संघामुळे निर्माण होई, आणि संघ टिकवायचा तर सभासदांना काही खास लाभ द्यावाच लागतो, असा युक्तिवाद अर्थशास्त्रात गंभीरपणे मांडला जातो. तो मी हलक्यात घेत नाही. पण त्याचं उत्तर स्पेनच्याच उत्तर किनाऱ्यावर आहे. बिल्बाओच्या कोन्सुलादोला अमेरिकेचा मक्ता कधी मिळाला नाही. लोखंड, लोकर, मासे यांचा उत्तर युरोपशी चालणारा व्यापार, आणि त्यातले तंटे. त्यांनी मन लावून काम केलं ते कायद्यावर. हुंडी कशी लिहायची, ती परत आली तर काय, भागीदारी कशी नोंदवायची, दिवाळं निघाल्यावर कोणाचं देणं आधी, वह्या कशा ठेवायच्या, हे सगळं त्यांनी १७३७ च्या नियमावलीत इतक्या नेटकेपणाने मांडलं की ती नियमावली पुढे सबंध स्पॅनिश अमेरिकेत व्यापारी कायदा म्हणून वापरली गेली. भरवसा निर्माण करायला मक्ता लागत नाही याचा याहून धडधडीत पुरावा कोणता हवा?

पहाऱ्याच्या ताफ्यांबद्दल मात्र विरोधी बाजूचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. ते ताफे खरंच परिणामकारक होते. १६२८ मध्ये क्यूबाच्या मातान्सास खाडीत डच सेनानी पीट हाइनने मेक्सिकोचा ताफा जवळपास अख्खा पकडला, ही घटना गाजली ती अपवाद होती म्हणून. शत्रूच्या गलबतांनी भरलेल्या समुद्रातून इतकी वर्षं चांदी आणणं सोपं नव्हतं. पण पहारा देणं हे आरमाराचं काम होतं आणि त्यासाठी व्यापारी स्वतंत्र कर भरत होतेच. पहारा हवा म्हणून भावही संघानेच ठरवावा, हे त्यातून निघत नाही.

१७३९ मध्ये इंग्रज सेनानी व्हर्ननने पोर्तोबेलो घेतलं आणि ती जत्रा कायमची संपली. जहाजं केप हॉर्नला वळसा घालून एकेकटी पेरूला जाऊ लागली. काही बुडालं नाही. माल जास्त आला, भाव उतरले. १७७६ मध्ये ब्वेनोस आइरेस स्वतंत्र व्हाइसरॉयच्या राज्याची राजधानी झालं, आणि १२ ऑक्टोबर १७७८ च्या फर्मानाने स्पेनमधली डझनभर बंदरं अमेरिकेशी व्यापाराला खुली झाली. मेक्सिको आणि व्हेनेझुएलाला यात १७८९ पर्यंत थांबावं लागलं. मेक्सिकोच्या कोन्सुलादोने आक्रोश केला, व्यापार बुडाला असं दरबाराला कळवलं. व्हाइसरॉय रेव्हिल्याहिखेदोने चौकशी केली आणि १७९३ मध्ये शांतपणे उलट अहवाल दिला: व्यापार वाढला आहे, व्यापाऱ्यांची संख्या वाढली आहे, कमी झाला आहे तो जुन्या बड्या पेढ्यांचा नफा, आणि त्यांतल्या काहींनी आपलं भांडवल खाणी आणि शेतीकडे वळवलं आहे. एका संघटनेचं नुकसान म्हणजे देशाचं नुकसान नव्हे, हे आकडे मागवून तपासणारा अधिकारी त्या काळात होता, याचा मला आदर वाटतो.

इथे गोष्ट संपली असती तर मीही खुल्या व्यापाराचा जयजयकार करून मोकळा झालो असतो. तसं करता येत नाही. १७९३ ते १७९५ या काळात काराकास, ग्वातेमाला, ब्वेनोस आइरेस, हवाना, कार्ताहेना, सान्तियागो, वेराक्रूझ, ग्वादालाहारा इथे नवे कोन्सुलादो स्थापन झाले. ब्वेनोस आइरेसच्या संघाचा चिटणीस म्हणून तेवीस-चोवीस वर्षांचा मान्वेल बेल्ग्रानो स्पेनहून शिकून आला. शेती सुधारायची, शाळा काढायच्या, बंदर बांधायचं, अशी त्याची स्वप्नं. दोनशे वर्षं दुसऱ्यांच्या मक्त्याखाली भरडलेल्या शहराचा संघ तरी वेगळा असेल अशी त्याची अपेक्षा असणार. आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं आहे की सभासदांना, एखाद-दुसरा सोडला तर, आपल्या मक्त्यापलीकडे काही कळत नव्हतं: चाराला घ्यायचं, आठाला विकायचं, तेही बिनधोक. त्याने काढलेल्या चित्रकलेच्या आणि नौकानयनाच्या शाळा दरबाराला चैन वाटल्या आणि बंद पडल्या. पेरूच्या दारात अडकून राहिलेले व्यापारी स्वतःच्या हाती चावी येताच दार लावून बसले.

हवानाची गोष्ट याहून काळी आहे. तिथे खुल्या व्यापाराची पहिली मोठी देणगी होती १७८९ चं फर्मान, ज्याने गुलामांचा व्यापार मोकळा केला. त्यासाठी झटणारा फ्रान्सिस्को दे आरांगो इ पार्रेन्यो पुढे हवानाच्या कोन्सुलादोचा सिंदिको, म्हणजे संघाचा अधिकृत वकील झाला. ऊसमळेवाले आणि व्यापारी एका टेबलावर बसले, आणि पुढच्या दशकांत आफ्रिकेतून लाखो माणसं क्यूबाच्या साखरेच्या घाण्यांवर आणली गेली. मक्ता गेला, भाव खुले झाले, जहाजं वाढली. ज्या माणसांचा बाजार मांडला होता त्यांना त्या टेबलावर जागा नव्हती, एवढं मात्र पूर्वीसारखंच राहिलं. म्हणून बाजार खुला आहे की बंद, एवढाच प्रश्न विचारून मला थांबता येत नाही. ज्यांच्यावर निर्णय आदळणार त्यांच्यापैकी कोणी निर्णयाच्या खोलीत आहे का, हेही विचारावं लागतं.

आणि खोलीतली माणसं बाहेरच्यांकडे कशी बघत, हे त्यांनीच नोंदवून ठेवलं. नेपोलियनने स्पेन गिळल्यावर मेक्सिकोत स्थानिकांची सभा बोलवावी असा विचार पुढे आला. १५ सप्टेंबर १८०८ च्या रात्री गाब्रिएल दे येर्मो याने कोन्सुलादोतल्या व्यापाऱ्यांच्या पाठबळावर सुमारे ३०० माणसं घेऊन व्हाइसरॉय इतुर्रिगारायला त्याच्या महालातून उचललं. सभेचा आग्रह धरणारा नगरसभेचा वकील फ्रान्सिस्को प्रिमो दे व्हेर्दाद काही दिवसांत तुरुंगात मेला. १८११ मध्ये कादिझला भरलेल्या स्पेनच्या संसदेत मेक्सिकोच्या कोन्सुलादोचं निवेदन वाचलं गेलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना प्रतिनिधित्व कशाला, असा त्याचा सूर होता, आणि सुसंस्कृत माणसांच्या प्रजासत्ताकाशेजारी त्यांची तुलना गिबन माकडांच्या कळपाशी केलेली होती. अमेरिकन प्रतिनिधी संतापून सभागृह सोडायला निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतली बंडं मोडायला फौजा पाठवण्याचा खर्च उभा करण्याची जबाबदारी कादिझच्या कोन्सुलादोने घेतली. मक्ता टिकवण्यासाठी सुरू झालेलं काम माणसाला माणूस न मानण्यापर्यंत आणि त्याच्यावर बंदुका चालवण्यापर्यंत आलं, आणि ते करणारे त्यांच्या शहरात सभ्य, दानशूर, देवभीरू गृहस्थ म्हणून ओळखले जात होते.

स्वातंत्र्यानंतर मेक्सिकोने आपला कोन्सुलादो बरखास्त केला. ब्वेनोस आइरेसमध्ये मात्र वेगळं घडलं. व्हाइसरॉय सिस्नेरोसने १८०९ मध्ये बंदर इंग्रजी मालाला खुलं केलं, पुढल्या वर्षी क्रांती झाली, कादिझचा मक्ता गेला. ज्या बेल्ग्रानोने सभासदांबद्दल तसं लिहिलं, तो क्रांतीच्या सरकारात बसला. तरी कोन्सुलादोला कोणी हात लावला नाही. दार राखायचं काम संपल्यावर तो केवळ न्यायालय म्हणून उरला, आणि व्यापारी आपले हुंड्यांचे, भागीदारीचे, दिवाळखोरीचे वाद घेऊन त्याच्याकडे येतच राहिले. स्पेनशी लढून वेगळ्या झालेल्या त्या देशात, बहुतेक काळ बिल्बाओच्या १७३७ च्या नियमावलीनुसार निकाल देत, ते न्यायालय १८६२ पर्यंत चाललं.